अकरा नंबरचा भाता

मन्मथस्वामींचा अभंग होता, पट्टी काळी एक. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटलेला, पेटी दुरुस्तीला नांदेडला गेलेली आणि श्रावण तोंडावर आलेला. म्हणून कंधारातल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत मी लॅपटॉपवर पेटीचे सॅम्पल चढवले, चार सप्तकांचा कीबोर्ड मामांपुढं ठेवला आणि म्हणालो, वाजवा. मामा चाळीस वर्षं भजनाला पेटीवर बसतात. उजवा हात लगेच रुळला. डावा मात्र कीबोर्डच्या मागं जाऊन हवेत काहीतरी चाचपत होता. दोन कडवी झाली, मी ऐकवली. ऐकून ते म्हणाले, "वाजायलीय चांगली बाबा, पण दम घेईना. हिचा भाता कुठंय?"

भाता आहे. तो एका तक्त्यात अकराव्या क्रमांकावर लपलेला आहे. मिडी नावाच्या मानकातला हा कंट्रोलर क्रमांकांचा तक्ता गेली कित्येक वर्षं मी वाचत आलोय, आणि दर वेळी त्यात काहीतरी नवं हाती लागतं. एरवी रसग्रहण कवितेचं करतात. मला ते या तक्त्याचं करावंसं वाटतं, कारण तो लिहिणाऱ्यांना वाद्य वाजवणाऱ्या माणसाचं अंग ठाऊक होतं.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६, एका केबलनं जोडले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजू लागला. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्या कामासाठी पुढं, २०१३ साली, तांत्रिक ग्रॅमी मिळालं. त्या केबलमधून आवाज जात नाही. जातात त्या सूचना : अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. पण सूर लागणं आणि सूर सुटणं या दोन क्षणांच्या मधे सुराचं सगळं आयुष्य असतं. तिथं काय घडलं हे सांगायला जी सोय केली, तिचं नाव कंट्रोल चेंज. ० ते १२७ असे क्रमांक, आणि प्रत्येकाला पुन्हा ० ते १२७ अशी किंमत.

आता यादी सावकाश वाचा. १ : मॉड्युलेशन, म्हणजे डाव्या हाताशी असलेलं चाक. २ : श्वास. ३ : रिकामा. ४ : पाय. पहिल्या चारांत हात, श्वास आणि पाय येऊन गेले, मधली एक जागा कुणासाठी तरी मोकळी राहिली. यंत्रांनी यंत्रांशी बोलायचं म्हणून केलेल्या यादीत दुसराच मान श्वासाला आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थबकलो होतो. ती नुसती शोभेची जागाही नव्हती. १९८३ मध्येच आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ ला तोंडात धरून फुंकायची नळी जोडता येत होती. पायाचं म्हणाल तर आपल्या संगीत नाटकांचा ऑर्गन पायानंच चालायचा. दोन्ही हात सुरांना मोकळे, आणि दम पायात. चार क्रमांक वाचताना मला रंगमंचापुढच्या त्या खळग्यात बसलेला ऑर्गनवाला दिसतो.

पुढं ७ : व्हॉल्यूम. ९ पुन्हा रिकामा. १० : आवाज डावीकडं की उजवीकडं. आणि ११ : एक्स्प्रेशन.

इथं थांबायला हवं. ७ नं आवाज लहानमोठा होतो आणि ११ नंही आवाज लहानमोठाच होतो. नवीन माणूस विचारतो, मग दोन कशाला? एकच पुरला असता. मीही सुरुवातीला असंच समजत होतो आणि जे हाताला लागेल ते फिरवत होतो. पण जागेची इतकी काटकसर करणाऱ्या यादीत एकच काम दोनदा कुणी लिहिणार नाही. मानकात ११ ची ओळख अशी दिलेली आहे, की तो ७ चा हिस्सा आहे. ७ नं ठरवलेल्या मापाच्या आत ११ हलतो. ७ जागच्या जागी असला आणि ११ पूर्ण १२७ वर असला तर ठरलेला पूर्ण आवाज मिळतो, ११ खाली आला तर त्याच मापातला थोडा, आणि शून्यावर गेला तर शांतता. ११ कितीही वर नेला तरी ७ ची मर्यादा त्याला ओलांडता येत नाही.

आपल्याकडच्या मंडपात हे रोज दिसतं. भजन सुरू व्हायच्या आधी साउंडवाला पेटीपुढचा माइक लावतो, "वाजवा" म्हणतो, मिक्सरवरचा फेडर एका जागी आणून ठेवतो आणि चहा प्यायला जातो. तो ७. त्यानंतर दोन तास मामांचा डावा हात जे करतो तो ११. पेटीचा बाहेरचा भाता हवा भरतो, आतला भाता ती साठवतो. सुराला जोर हवा असेल तिथं बोट पडायच्या आधी अर्धा क्षण डावा हात दाबलेला असतो. अभंगाची ओळ संपताना हात सैल पडतो, कारण तिथं म्हणणाऱ्याचाही दम संपलेला असतो. मराठवाड्यातून पुढं आलेल्या आप्पा जळगावकरांची पेटी ऐकताना लोक बोटांकडं बघतात. मी ऐकताना भात्याचा माग घेतो. सूर तुटक पट्ट्यांचाच, पण हवा अशी सांभाळलेली की दोन पट्ट्यांमधली फट बुजून जाते. साउंडवाल्याच्या फेडरनं हे होणार नाही, आणि भात्यानं मंडपातल्या मागच्या रांगेची सोय होणार नाही. दोघांचं काम आवाज कमीजास्त करण्याचंच, तरी एकाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही.

यादीत अजून एक क्रमांक आहे ज्यानं माझी खात्रीच पटली. १२१. त्याचा अर्थ, सगळे कंट्रोलर मूळ जागी आणा. वाजवणं मधेच थांबलं, चाक वर राहिलं, पेडल अडकून सूर चालूच राहिला, अशा वेळी हा हुकूम सुटतो. मग खरंच सगळं मूळ जागी येतं का? शिफारस वाचा : मॉड्युलेशन शून्यावर, पेडल सुटलेलं, सूर वाकवणारं चाक मध्यावर, ११ पुन्हा पूर्ण १२७ वर. पण ७ ला हात लावायचा नाही. १० लाही नाही. वाद्य कुठलं निवडलंय तेही बदलायचं नाही. म्हणजे वाजवणाऱ्याच्या अंगातून आलेली हालचाल तेवढी पुसली जाते, आणि बैठकीची मांडणी, कोण कुठं बसलंय, कुणाचा माइक किती, ती तशीच राहते. भजन संपलं की मामा भात्याचा चाप लावतात, सतरंजी मात्र अंथरलेलीच असते. तक्ता करणाऱ्यांनी हा भेद कुठल्याही व्याख्येत मांडला नाही. काय पुसायचं आणि काय ठेवायचं, एवढ्यातून तो सांगितला. उत्तम लिखाण मी यालाच म्हणतो.

आवाज कमीजास्त करायची आणखी एक सोय आहे, ऑटोमेशन. हे मिडीच्या यादीत नाही, ते रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं आहे, आणि त्याचं मूळ वाद्यात नसून मिक्सिंगच्या टेबलात आहे. १९७० च्या दशकात मोठ्या स्टुडिओतल्या टेबलांना हे जमू लागलं : इंजिनिअरनं एकदा फेडर वरखाली केले की टेबल ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आपणहून तसंच करतं. फेडर खालच्या मोटरनं आपोआप सरकताना पाहणं हा आजही मोठा आनंद आहे. क्यूबेस, रीपर, लॉजिक अशा सॉफ्टवेअरमध्ये तीच गोष्ट ट्रॅकखाली काढलेल्या एका रेषेत आली. या सेकंदाला इतकं, त्या सेकंदाला तितकं, दोन बिंदू टाकले की मधली चढण सॉफ्टवेअर भरतं.

शेतात रात्रपाळीनं दारं धरलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विहिरीतून पाणी उपसणारा एक, आणि शिवारात खोरं घेऊन या वाफ्याचं दार फोड, त्या वाफ्याचं बुजव, असं करत फिरणारा दुसरा. ऑटोमेशन म्हणजे दारं धरणं. पखवाजाचा गजर वाढला की पेटी जरा मागं, कोरस आला की टाळ थोडे आत, शेवटच्या कडव्याला गाणाऱ्याभोवती देवळाच्या गाभाऱ्यासारखी गुंज वाढव. हे काम हलक्या प्रतीचं आहे असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. दारं धरणारा झोपला तर विहिरीत पाणी असूनही पीक वाळतं.

तांत्रिक फरक बघा, तोही अर्थाकडंच नेतो. मिडी कंट्रोलर ही घडलेली घटना असते. हात हलला तेव्हाच सूचना गेली, हात स्थिर राहिला तर काहीच जात नाही. त्यामुळं गाणं मधूनच सुरू केलं तर वाद्याला मागचं ठाऊक नसतं. पहिल्या कडव्यात भाता अर्ध्यावर आणून ठेवलेला असेल आणि तुम्ही तिसऱ्या कडव्यापासून वाजवलं, तर सॉफ्टवेअरनं मागं जाऊन शेवटची सूचना शोधून पुन्हा पाठवावी लागते. ऑटोमेशनची रेषा मात्र कुठल्याही क्षणी विचारा, तिची किंमत तयार असते. एक आठवण आहे, तर दुसरा नकाशा.

बारकाव्याचंही तसंच. कंट्रोलरला १२८ पायऱ्या. जुन्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. तीन बाइटांची एक सूचना जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि सूर, चाक, पेडल सगळे त्याच एका वाटेनं रांगेत जातात. आठ सेकंदांची एकच लांब चढण १२८ पायऱ्यांवर वाटली तर प्रत्येक पायरी सेकंदाच्या सोळाव्या भागाएवढी होते, आणि आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरवर त्या पायऱ्या कधी कधी कानाला टोचतात. यादीच्याच रचनेत ० ते ३१ ला ३२ ते ६३ ची जोड देऊन १६,३८४ पायऱ्यांची सोय करून ठेवली आहे, पण ती वापरणारे थोडे. ऑटोमेशनची रेषा याहून कितीतरी गुळगुळीत. म्हणून लांब, शांत, संथ बदल ऑटोमेशननं करावेत, हे खरंच. पण माणसाचा हात गुळगुळीत नसतो. मामांच्या हाताचा आलेख पाहिला तर तो टेकड्यांसारखा खडबडीत आहे आणि ऐकायला गोड आहे.

एक चूक मी वर्षभर केली. पेटीच्या मिडी तुकड्यात ७ फिरवून ठेवायचो आणि मिक्सिंगला बसलो की त्याच ट्रॅकवर व्हॉल्यूमची रेषाही काढायचो. एका दाराशी दोन माणसं खोरं घेऊन उभी. रेषा वर नेली तरी पेटी मधेच खाली पडायची, आणि मी स्पीकरला दोष द्यायचो. आता माझा नियम साधा आहे. वाजवताना जे झालं ते ११ आणि १ मध्ये, तुकड्याच्या पोटात. नंतर सुचलं ते ऑटोमेशनमध्ये, ट्रॅकवर. ७ ला सुरुवातीला एकदा लावायचा आणि विसरायचा.

ही फाळणी केवढ्या मोठ्या कामात टिकते ते पाहायचं असेल तर 'सैराट'चं संगीत ऐका. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट एप्रिल २०१६ मध्ये आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जिवंत सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. करमाळ्याच्या शिवारातली गोष्ट आणि तिच्यामागं तंतुवाद्यांचा, पितळी वाद्यांचा तो ताफा. 'याड लागलं' मला नेहमी हेडफोनवर ऐकावंसं वाटतं. गाणं संथ आहे, अजय गोगावले यांचा आवाज पुढं आहे, आणि व्हायोलिनं त्याच्या मागून फुगत येतात. तिथं नीट कान द्या. आवाज नुसता मोठा होत नाही, तो उजळतो. गजाचा दाब वाढला की तारेचा पोत बदलतो, चढ आणि चकाकी एकदमच येते. फेडर वर नेऊन हे होत नाही. मंद वाजवलेलं व्हायोलिन फेडरनं कितीही मोठं केलं तरी ते मोठ्यानं ऐकू येणारं मंद व्हायोलिनच राहतं. म्हणून चांगल्या सॅम्पल संग्रहात १ नंबरच्या चाकावर हलक्या, मध्यम आणि जोरकस वाजवणीची वेगवेगळी रेकॉर्डिंग एकात एक मिसळलेली असतात, आणि ११ वर नुसता लहानमोठेपणा. दोन्ही चाकं एकत्र हलवली तर गजाच्या जवळपास जाता येतं.

ऑर्केस्ट्रासाठी लिहिणारे संगीतकार सहसा आधी संगणकावर असाच कच्चा आराखडा वाजवून पाहतात. मग खरे वादक येतात. त्या दिवशी संगणकातलं काय टिकतं आणि काय जातं? १ आणि ११ चे सगळे आलेख निकामी होतात. त्यांच्या जागी स्वरलिपीच्या कागदावर उघडत जाणाऱ्या चिमट्यासारखी एक खूण येते, आणि तिचा अर्थ लावायचं काम वादकांच्या मनगटांकडं जातं. ऑटोमेशन मात्र टिकतं. गाणाऱ्यामागं वाद्यवृंद किती ठेवायचा, शेवटी सभागृहाची गुंज किती सोडायची, हे वादक आल्यावरही मिक्सिंगलाच ठरतं. माणूस आल्यावर जे माणसाकडं परत जातं ते कंट्रोलरचं होतं, आणि जे टेबलावर राहतं ते ऑटोमेशनचं. कुठली हालचाल कुठं लिहावी असा प्रश्न पडला की मी ही कसोटी लावतो : उद्या खरा वाजवणारा दारात उभा राहिला, तर हे मी त्याच्या हाती देईन का?

या तक्त्याला जे जमत नाही त्याचीही मला जाणीव आहे. जोगत्याच्या हातचं चौंडकं ऐका. एकच तार, पण तिचा ताण वाजवणाऱ्याच्या बोटांत जिवंत असतो. सूर वाकवायला मिडीत स्वतंत्र चाक आहे, त्याला १६,३८४ पायऱ्याही आहेत, पण ते एका चॅनलवरचे सगळे सूर एकदमच वाकवतं. प्रत्येक सुराला आपापला ताण देता यावा म्हणून २०१८ मध्ये बोटागणिक वेगळा चॅनल वापरण्याची पद्धत मानकात आली. २०२० च्या मिडी २.० मध्ये एकेका सुराचे स्वतंत्र कंट्रोलर आणि ३२ बिटांच्या बारीक पायऱ्या आल्या. माझ्या कीबोर्डला त्यातलं काही येत नाही. पण दिशा कुठली आहे बघा : जवळपास चाळीस वर्षांनी सुधारणा झाली ती घटनेच्या बाजूनं, हाताच्या बाजूनं झाली.

मामांकडं परत येतो. त्या दिवशी मी कीबोर्डच्या डाव्या टोकाची सरकपट्टी ११ ला जोडली आणि त्यांचा डावा हात धरून तिच्यावर ठेवला. पहिली पंधरा मिनिटं काही जमेना. भाता पुढंमागं जातो, पट्टी वरखाली. तिला हवेचा विरोध नाही, हात घसरत होता. मग मी पट्टीखाली सुती कापडाची घडी कोंबली, सरकायला जरा जड केली. त्यानंतर त्यांनी डोळे मिटले. पडद्यावर सुरांच्या खाली टेकड्या उमटत गेल्या. ओळीच्या तोंडाशी चढ, मधल्या ठेक्यावर छोटी धाप, शेवटाला उतार. एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती : चढ सुराच्या आधी सुरू होत होता, दर वेळी. पट्टी वाजायच्या आधी हवा भरलेली हवी, हे त्यांच्या हाताला चाळीस वर्षांत पाठ झालेलं. वाद्यात हवाच नव्हती तरी हात भरत होता. माउसनं रेषा काढणाऱ्या मला तो चढ कधीच सुचला नसता.

रात्री मिक्सिंगला बसलो. टाळांपुढं पेटी जास्त होत होती, ती रेषेनं मागं घेतली, टेकड्यांना हात लावला नाही. दुसऱ्या कडव्यात चार मात्रांवर मामांचं बोट चुकलं होतं. पहिल्या कडव्यात तीच जागा सुरेख आलेली. तो तुकडा उचलला आणि इथं आणून बसवला. कंट्रोलर तुकड्याच्या पोटात असतात, त्यामुळं सुरांबरोबर भाताही आला. हीच तर त्याची खुबी. दहा वेळा ऐकलं, सांधा कुठं कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांनी मोबाइलवर ऐकलं. पेटी बारीक केल्याबद्दल काही बोलले नाहीत, टाळाला जागा हवीच म्हणाले. दुसऱ्या कडव्याला मात्र त्यांनी फोन कानाशी नेला.

"हितं मी भाता असा वढलाच नव्हता."

सुरांत काही चूक आहे का, मी विचारलं.

"सूर बरोबर हायत. पहिल्या कडव्याला मी ताजा असतो. दुसऱ्याला दम कमी पडायलाय, तवा हळू वढतो. हे पहिल्याचं हितं कसं आलं?"

मी खरं सांगितलं. ते उठले, चप्पल बाजूला काढली आणि कीबोर्डपुढं बसले. कापडाची घडी नीट केली. त्या चार मात्रांसाठी मी त्यांना अख्खं पहिलं कडवं वाजवायला सांगितलं, म्हणजे हात तिथं पोचेपर्यंत तितकाच दमलेला असेल.